आजी ठमाबाईचे पाय

प्रज्योत मूर्तिकार, आणि हात असा की गाव त्याचं नाव घेताना कॉलर ताठ करतं. न्हावा शेव्याचं बंदर आलं, मिठागरं भरावाखाली गेली, आता घरटी एक ट्रेलर उभा. तरी पंचायतीने ठरवलं, नाक्यावर मीठ वाहणारी बाई उभी करायची. प्रज्योतने मनात पक्कं केलं, ती बाई म्हणजे आपल्या आईची आई, ठमाबाई.

पण ठमाबाईचा फोटो एकही नाही. मिठागरावर कॅमेरा घेऊन कोण मरायला येणार होतं? प्रज्योत सहा वर्षांचा असताना ती गेली. त्याला आठवायची ती पाठमोरी, डोक्यावर मिठाची पाटी, गुडघ्यापर्यंत लुगडं, पुढे चिंचोळा बांध. तेवढ्यावर तीन महिने खपून त्याने मातीचा पुतळा केला. सरपंच म्हणाले, "एक नंबर." पुतळ्याचा साचा घ्यायला ओतकामवाला भावेश दुसऱ्या दिवशी येणार होता. पण आईने ओळखल्याशिवाय प्रज्योतला त्या एक नंबरची काडीची किंमत नव्हती.

आई, कमळबाई, सत्तरीची. पुतळ्याभोवती दोनदा फिरली.

"ही माजी आय नाय."

प्रज्योतने विचारलं, "चेहरा चुकला का गं आये?"

"चेरा ऱ्हाऊ दे. टाच बग कशी टेकलीय. ओल्या बांदावर भरली पाटी घेऊन टाच टेकवलीस तर मिठासकट खाली जाशील."

घ्या! एवढा शिकलेला मूर्तिकार, डांबरी रस्त्यावरची बाई करून बसला होता.

"मातीची पाटी दे माज्या डोक्यावर."

"आये, गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बगतंय."

अंगणात पाणी ओतून केलेल्या ओल्या जमिनीवर ती चालली. बोटं आधी चिखलात रुतायची, गुडघा जरा वाकलेला, मान मात्र ताठ. हीच ती चाल! पाय बदलला की कंबरही बदलणार. प्रज्योतने कमरेखालची सगळी माती खरवडून काढली, आतल्या सळया वाकवल्या. भावेशला आठ दिवस पुढे ढकललं. सरपंच तापले, त्यांचं निमूट ऐकून घेतलं. आई रोज चालून दाखवायची, मध्ये चहा प्यायची, परत चालायची.

नवव्या दिवशी ती पुतळ्यापुढे आली, वाकून टाच बघितली. मग तिने पुतळ्याच्या पाटीकडे दोन्ही हात वर केले.

"दमलीस गो आये? दे पाटी इकडं."

प्रज्योतला वाटलं, नाक्यावर एकेक ट्रेलर थांबवून सांगावं, ही माझी आजी.