आमच्या ह्यांचा कीबोर्ड

आधी ह्यांचा आवाज गेला. मग दोन वर्षांनी हे गेले.

आज वर्ष झालं.

घशाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, जीव वाचलाय, ते महत्त्वाचं."

खरंय. पण ज्यांनी ह्यांना ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, ह्यांचा अर्धा जीव जिभेतच होता. जन्म सदाशिव पेठेतला. सकाळी एक टोमणा मारल्याशिवाय चहा उतरायचा नाही घशाखाली.

लेकीनं, मुग्धानं, मोठ्या स्क्रीनचा मोबाइल आणून दिला. "बाबा, यावर टाइप करायचं आणि समोरच्याला दाखवायचं. सोप्पंय."

कसलं सोप्पं! इंग्रजी अक्षरं दाबायची, मग मराठी शब्द उमटणार. ह्यांचं एक जाडं बोट आणि स्क्रीनवरची ती मुंगीएवढी बटणं. एम दाबायला जावं तर एन लागायचा.

आणि टोमण्याला टायमिंग लागतं हो!

ह्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्पा भलतीकडेच गेलेल्या असायच्या. हे आपले मोबाइल पुढे धरून बसलेले. कुणाचं लक्षच नाही.

त्यात तो मुळा.

हे मंडईत गेले होते. तिथून मला विचारायचं ते चुकून फॅमिली ग्रुपवर विचारलं.

"मुला आणू का?"

ळ च्या जागी ल. मोबाइलचा आगाऊपणा, दुसरं काय.

धाकट्या दिरांनी लगेच लिहिलं, "दादा, आता या वयात? वहिनींना विचारलंस का?"

झालं. सगळा ग्रुप तुटून पडला. हसून हसून पुरेवाट.

हे नाही हसले. अहो, या माणसानं जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या वेलांट्या सुधारल्या. दुकानाच्या पाटीवर 'आणि'चं 'आनी' दिसलं तर आत जाऊन सांगून यायचे. ते "मुला" ह्यांना फार लागलं.

त्या दिवसापासून ह्यांनी शब्दच सोडले. काहीही विचारा, मोबाइलवर नुसता अंगठा.

जेवलात का? अंगठा.
गोळी घेतली? अंगठा.
मुग्धाला प्रमोशन मिळालं. अंगठा!

मी मुद्दाम डिवचलं. "अहो, एवढे शिकलेले तुम्ही, अंगठेबहाद्दर कधी झालात?" म्हटलं, आता तरी फटकन काहीतरी येईल.

अंगठा आला.

स्वयंपाकघरात जाऊन रडले मी. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा रडले नव्हते. माणूस समोर बसलाय, जेवतोय, पेपर वाचतोय, आणि आपला नवरा काही घरात नाही.

मुग्धाला फोन लावला. "काहीतरी कर बाई. ह्यांना परत टोमणे मारता आले पाहिजेत."

ती म्हणाली, "आई, तू काय मागतेयस ते कळतंय ना तुला?"

पण शहाणी पोर. तिच्या लक्षात आलं, बाबा साहेब होऊन रिटायर झाले खरे, पण नोकरीला लागले ते मराठी टायपिस्ट म्हणून. तिनं एक घडीचा कीबोर्ड आणला, ब्लूटूथनं मोबाइलला जोडायचा. कुठलंसं अ‍ॅप टाकून त्याला जुन्या मराठी टाइपरायटरची अक्षरं बसवून दिली.

ह्यांनी आधी नाक मुरडलं. मग दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. डोळे कीबोर्डकडे नाहीतच, माझ्याकडे. आणि बोटं जी सुटली! मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"चहात साखर घातली आहेस, की नुसती तिची आठवण काढली आहेस?"

खाली आणखी एक ओळ.

"मुळा. मुळा. मुळा. कळव तुझ्या दिराला."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. वर तोंडानं म्हटलं, "लागलात का पुन्हा? शांत होतात तेच बरं होतं." कसलं बरं होतं! माझा नवरा परत आला होता.

मग काय विचारता. कीबोर्ड पिशवीत घालून हे मंडईत. बटाट्याच्या पोत्यावर मांडायचा आणि टकटक सुरू. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी चष्मा शोधून लावायच्या, खास बोलणी खायला.

"काय लिवलंय काका, अक्षर जरा मोठं करा की!"

"या वांग्यांचं वय काय?"

मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या आणि बाजूच्या गाळ्यावर मोबाइल दाखवून यायच्या.

आम्ही खूप बोललो त्या दिवसांत. भांडलोही. भांडताना ह्यांची टकटक इतकी वाढायची की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं.

मग दुखणं उलटलं.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी बटणं दाबण्याएवढंही बळ बोटांत उरलं नाही. मी नुसता मोबाइल पुढे केला. स्क्रीनला बोट टेकवलं तरी पुरतं ना. ह्यांनी तो बाजूला सारला. त्याच्याशी वैर ते वैर.

मग माझा हात ओढून घेतला. चादरीवर पालथा ठेवला. त्यावर दोन्ही हातांची बोटं टेकवली आणि टाइप करायला लागले.

सावकाश. मध्ये थांबून, दम घेऊन, पुढे.

मला टायपिंग कुठे येतंय? मी आपलं म्हटलं, "हो हो, कळलं."

असं बघितलं माझ्याकडे! मला काडीचंही कळलेलं नाही, हे ह्यांना बरोब्बर कळलं होतं. परत पहिल्यापासून टाइप केलं. तेच, आणखी सावकाश, कमी ऐकू येणाऱ्याला सांगतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

अहो, मुग्धा म्हणते, "आई, टायपिंग शीक, बोटं आठवून बघ, कदाचित कळेल." मी नाही शिकणार. हाताला जेवढं आठवतंय तेवढं असू दे माझ्यापाशी.

आज तुमच्या फोटोला हार घातलाय. तुम्हाला आवडत नसला तरी.

त्या दिवशी लिहिलंत तो टोमणा असेल, तर माफ केला.

दुसरं काही असेल, तर माझंही तेच.