बाबांचे रंगवलेले डोळे

आमच्या घरी बाबांचा रंगीत फोटो आहे, हे मी लहानपणी अख्ख्या गावाला ऐकवलं. गावात तेव्हा फोटो होते दोन-चार घरी, तेही काळे-पांढरे, राख फासल्यासारखे. आमचा एकटाच रंगीत. निळा कोट, गुलाबी फेटा, गोरे गाल आणि काळेभोर डोळे. कॅलेंडरातल्या रामाशेजारी तो टांगलेला असे, आणि खोटं कशाला बोलू, मला रामापेक्षा बाबाच देखणे वाटत. मी मायच्या पोटात असतानाच ते हिवतापानं गेले. बाप म्हणून माझ्या वाट्याला जे आलं ते त्या चौकटीतलंच.

घरात कुठंही उभी राहिले तरी ते डोळे माझ्याकडे पाहत. परीक्षेला जाताना मी पाया पडायची, पास झाले की निकाल त्यांच्यासमोर धरायची. गूळ चोरून खायचा असला की मात्र फोटोकडे पाठ करून खायची. दुसऱ्या पोरींचे बाप धानाच्या शेतात, बांधीत राबायचे, बाजारातून लाडू आणायचे, तापले की पाठीत रट्टा घालायचे. माझा नुसता पाहायचा. पण पाहायचा तर खरा! तेवढ्यावर मी मोठी झाले.

माय मात्र त्या फोटोकडे कधी पाहत नसे. पुसायचा झाला तर मलाच सांगे. एकदा मी विचारलं, "बाबा असेच दिसत होते का वं?"

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "डोळे त्याहीचे नाई. त्याहीचे घारे होते."

मी तडक मोठेबाबांकडे गेले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. फोटो त्यांनीच चांदा शहरातून रंगवून आणला होता. त्यांनी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. आमच्याकडच्या कॅमेऱ्यात तेव्हा रंग नव्हताच. फोटो काळा-पांढराच निघायचा, मग रंगवायचा म्हणून कागदावर मुद्दाम फिकट छापायचा. रंगवणारा तो पाटीवर ताणून लावी, काडीला कापूस गुंडाळून पातळ रंग हळूहळू चोळी. खालच्या सावल्या झाकायला नकोत, इतका पातळ. कोटाच्या गुंड्या, फेट्याची किनार आणि डोळे तेवढे बारीक ब्रशनं, जाड रंगात. आणि प्रत्येक गोष्ट तो घरच्यांना विचारी, कारण त्या राखेत रंग कुठला कळणार? फेटा कोणता करू? गुलाबी. कोट घालू? घाल. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. गाल? गोरे कर. बाबा सावळे होते. डोळे?

"काळेच कर म्हटलं," मोठेबाबा म्हणाले. "तुह्या बापाले साऱ्या गावानं मांजऱ्या-मांजऱ्या म्हणून छळलं. जिवंतपणी नावं ठेवली ते ठेवली, भितीवर तरी कोणी ठेऊ नये."

आता काय बोलावं या माणसाला! हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेपायी त्यांनी मायचा नवराच बदलून आणला होता. राग आला, आणि रागावताही येईना. भावावरची मायाच होती ती. आमच्याकडे सगळ्यांनी असंच केलं आहे. रंगवणाऱ्यासमोर बसलं की जो माणूस गेला तो कोणी सांगत नाही, जो असायला हवा होता तो सांगतात.

पुढं खरे रंगीत कॅमेरे आले. माझ्या लग्नात एक रोल काढला, तो धुवायला नागपूरला गेला, परत येईपर्यंत मी सासरी रुळलेसुद्धा. काय अप्रूप होतं त्या फोटोंचं! हिरवा शालू अगदी हिरवा, झेंडू अगदी झेंडू, कोणी काही सांगायला नको. आता तो अल्बम उघडा. हिरवं उडालं, निळं उडालं, सगळी वरात तांबूस होऊन बसली आहे. बाबांचा कोट मात्र निळा तो निळाच.

मी एसटीच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत नोकरी केली, त्यामुळे तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. पण मायपुढं माझं कधी चाललं नाही. म्हातारपणी तिला गडचिरोलीला माझ्याकडे आणलं, तेव्हा फोटोही आणून समोरच्या भिंतीवर लावला. परवा-परवा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि तिला रंग दिसायला लागले. माझ्या लुगड्याला नावं ठेवून झाली, घराच्या रंगाला नावं ठेवून झाली, मग तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. त्या दिवशी ती जेवली नाही.

"एवढं एक कर," दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आता फोनवरच रंग बदलते म्हणतात. त्याहीचे डोळे घारे करून आण. जायच्या आधी एकडाव पाहू दे मले."

मलाही पाहायचे होतेच की. माझे डोळे मायवर गेलेले, काळे. बापाच्या डोळ्यांचा रंग मी साठीला आले तरी पाहिला नव्हता. म्हटलं, घारे म्हणजे नेमके कसे? तिनं खूप विचार केला. मग म्हणाली, "मोहफूल अर्धं वाळलं का होते ना, तसे." मोहाचे दिवसच होते. शेजारणीनं अंगणात फुलं वाळत घातली होती. त्यातली मूठभर मी रुमालात बांधली, फोटो पिशवीत घातला आणि चौकात गेले.

चौकात झेरॉक्स-लॅमिनेशनचं एक दुकान आहे, तिथं जुने फोटोही नीट करून देतात. दुकानदार माझ्याहून लहान, जाडजूड, बोलका माणूस. मोहफुलं पाहून हसला. "मावशी, लोक रंगाचा नमुना म्हणून लुगडं आणते, तुम्ही तर दारूचा माल आणला!" मी म्हटलं, जास्त बोलू नको भाऊ, रंग जमव. त्यानं फोटो मशीनवर ठेवून कॉम्प्युटरवर घेतला आणि डोळे मोठे करत गेला. मोठे, अजून मोठे. मग तो पडद्याशी वाकला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हा फोटो कवाचा आहे?"

"काऊन, काय झालं?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं. ब्रशनं काढलेलं काळं बुबुळ, त्याभोवतीचा पांढरा रंग, आणि त्या पांढऱ्याला जिथं बारीक तडे गेले होते तिथं, खाली, पापणीच्या केसांची सरळ ओळ. मिटलेल्या पापणीची. दोन्ही डोळ्यांना तीच. "गेल्यावर काढला आहे हा," तो म्हणाला. "ज्याचा जिवंतपणी फोटो नसे त्याचा असाच काढत. रंगवणारे मग डोळे उघडून देत."

ज्यांच्यापुढं निकाल धरला, ज्यांना भिऊन पाठ करून गूळ खाल्ला, ते डोळे चांद्याच्या कोणा अनोळखी माणसानं ब्रशनं काढले होते. बाबांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"मग? करू का घारे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, कर. मायनं मागितलं होतं ना.

त्यानं जीव लावून काम केलं. फुलं पडद्याशेजारी ठेवून रंग जमवला. नवा फोटो घेऊन मी घरी आले आणि मायच्या हातात दिला. ती दाराशी उजेडात जाऊन बसली. कितीतरी वेळ पाहत होती.

"रंग बरोबर आहे," ती म्हणाली. "असाच होता."

मला वाटलं, झालं. पण तिनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला.

"पण हे ते नाई, बाई. ते गेले तवा डोळे उघडेच राह्यले होते. म्याच मिटले, ह्या हातानं. अन् मंग तुह्या मोठेबाबानं फोटोवाला आणला, अन् फोटो आला तं डोळे उघडे. मले वाटे रंगच चुकला. रंग नाई चुकला वं. मिटलेले डोळे उघडाचेच नसते. मिटून दे त्याहीचे डोळे."

मी भडकले. "तुले सारं मालूम होतं? मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू पाया पडत होती," ती म्हणाली. "त्याहीच्याशी बोलत होती, निकाल दाखवत होती. तुह्यासाठी राहू देले म्या ते डोळे. कसं सांगू पोरीले का तुहा बाप पाहून नाई राह्यला म्हणून?"

इतकी वर्षं ती त्या भिंतीकडे पाठ करून जगली, माझ्यासाठी.

पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं कॉम्प्युटरवर वरचा रंग पुसला आणि खालच्या ओळीवरून मिटलेल्या पापण्या नीट करून दिल्या. कोट काढून टाक म्हटलं, गालांचा गोरा रंगही काढ म्हटलं. उरला एक सावळा, किडकिडीत, तरुण माणूस. माझ्या पोरापेक्षाही लहान. डोळे मिटलेला.

जुना फोटो चौकटीतून मीच काढला, हा घातला आणि भिंतीवर लावला. माय लगेच समोरच्या खाटेवर येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या जागेकडे निवांत पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल पडला. मी घरात इकडून तिकडे गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले, खाटेशी उभी राहिले. कुठूनही कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मग मात्र मला धीर धरवेना. या वयात, दोन नातवंडांची आजी, मी खाली फरशीवर बसून मोठ्यानं रडायला लागले.

मायनं मला गप्प केलं नाही. खाटेवरून उतरली, भिंत धरत-धरत माझ्यापाशी आली आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रडून घे, बाई. आम्ही सारे तवाच रडलो. तुहंच राह्यलं होतं."