झाडी बघायला आलेले साहेब

आमच्या कॉलनीमागच्या ओढ्याकाठी करंज, घाणेरी आणि बांबूची दाट झाडी होती. सकाळी तिथून फिरून आलं की घरच्या चहालासुद्धा चव यायची. शहराच्या नव्या विकास आराखड्यात नेमका या झाडीवरूनच रस्ता दाखवला, तेव्हा कॉलनी पेटून उठली. सगळ्यांनी हरकती घेतल्या. माझा अर्ज चार पानी होता. त्यात बुलबुलापासून मुंगसापर्यंत सगळे सुखानं नांदत होते.

मग निरोप आला, हरकती ऐकणारे नगररचनेचे साहेब स्वतः जागा बघायला येणार. झालं! आता साहेबांना काय काट्याकुट्यात उभं करायचं? कोल्हापूरची अब्रू ती काय राहिली असती?

"पावणं येणार म्हटल्यावर जागा नीटनेटकी नको व्हय?" माझे थोरले बंधू माझ्यावरच खेकसले आणि ओळखीतला जेसीबी घेऊन आले. दुपारपर्यंत जागा लख्ख झाली. मांडव पडला, खुर्च्या लागल्या, तांबडा-पांढरा चुलीवर चढला. बांबूचं बेट तेवढं राहिलं होतं. वाढप्यांच्या आड येतंय म्हणून ते मीच उभा राहून काढून घेतलं.

साहेब आले. वाटीवर वाटी पांढरा रस्सा प्याले. हात धुतले, रुमालानं तोंड पुसलं आणि माझा चार पानी अर्ज उघडून म्हणाले,

"जेवण झकास झालं. चला, आता ती झाडी दाखवा की."