भिलादादाने फोडलेली होडी

सिंधुवहिनींचा फोन आला तेव्हा मी पांडेसऱ्यातल्या माझ्या गोदामात एका गिऱ्हाइकाशी मालाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. त्याच सुरात ‘काय?’ म्हणून ओरडलो. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, “पंडितभाऊ, तुमना दादा गया...” भिलादादा, माझा मामेभाऊ. मगदल्ल्याच्या किनाऱ्यावर टेकूंवर चढवलेल्या होडीचा तळ घासत होता. एक टेकू सरकला आणि होडी त्याच्या छातीवर बसली. माणसं जमून ती उचलेपर्यंत सगळं संपलं होतं. मी हातातली लोखंडी पट्टी भिंतीवर अशी हाणली की ती वाकली. बावीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याने मला चारचौघांत मारलं होतं आणि माफी त्यानेच मागायला हवी, हे मी धरून बसलो होतो.

शिरपूरकडून आम्ही कामासाठी या शहरात एकत्रच आलो. नवागामात एक खोली, एकाच डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, नोकरी. वाफेत आणि रंगात चार वर्षं काढल्यावर दादा म्हणाला, मला उघड्यावरचं काम पाहिजे, आणि नदीकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्यांत जाऊन शिकला. मग मलाही ओढलं. त्याला काम येई, मला भाव करता येई. ठाकोरभाई नावाच्या कोळ्याची लहानशी लाकडी होडी मी अशीच, दुसऱ्याच्या तोंडातून काढून आणली. आठ दिवसांत तळाचा जुना रंग काढून नवा चढवून देतो, असा शब्द दिला. तळाला शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून हा रंग विषारी असतो. ठाकोरभाईंच्या होडीवर तो थरावर थर असा बोटभर जाड झाला होता. दादा आधी तळ ओला करी, मग लोखंडी पत्तीने हळूहळू खरवडी. कोरडं घासलं तर भुकटी छातीत जाते, म्हणे. चार दिवसांत एक बाजूही झाली नाही. ठाकोरभाई रोज येऊन विचारत आणि माझं डोकं फिरे.

मी डाईंगमधला माणूस. बिघडलेल्या कापडावरचा रंग आम्ही कॉस्टिक सोड्याने उतरवायचो. रंग तो रंग, कापडावरचा काय आणि लाकडावरचा काय! दादा सामान आणायला गेला होता, त्या दुपारी मी कॉस्टिकचं घट्ट पाणी करून अख्ख्या तळाला फासलं आणि वर ओली बारदानं बांधून टाकली. सकाळी बारदानं ओढली तर रंग कातड्यासारखा सोलून खाली आला. मी आनंदाने ओरडलो. दादाने जवळ येऊन फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लाकडाचा पिंजलेला कापूस झाला होता.

“पुट्टी भरू,” मी म्हणालो. “वरून दोन हात रंग. कोणाच्या बापाला कळतंय?”

“पंडित, आठे पुट्टी चालाव नही. ठाकोरभाई समुद्रात जास.”

“पहिल्या फेरीला थोडीच बुडतेय?”

त्याने पत्तीचा दांडा माझ्या तोंडावर मारला. दोन दात तिथंच पडले. मी त्याच्या गळ्याला धरलं, आम्ही चिखलात लोळलो, त्याने माझं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. भोवती माणसं जमली, हसलीसुद्धा. मग तो उठला, कुऱ्हाड उचलली आणि होडीच्या तळावर घालायला लागला. एकेक घाव असा की फळ्या आतून भुग्यासारख्या उडत होत्या. पुट्टीने बुजवता येईल असं एकही भोक त्याने ठेवलं नाही. ठाकोरभाई आणि त्यांचे दोन भाऊ धावत आले तेव्हा तो कुऱ्हाड टाकून उभा राहिला. म्हणाला, “कॉस्टिक मैंने लगाया. लकडी मर गयी थी.”

त्यांनी त्याला पाडून लाथांनी तुडवलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझं तोंड फुटलं होतं, बोलता येत नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. बोलता येत होतं. माझं तोंड दुखत होतं आणि मला राग आला होता, मार खाऊ दे त्याला असं वाटत होतं... खरं ते एवढंच.

बरा झाल्यावर दादा ठाकोरभाईंकडेच राबायला गेला, नवी होडी उभी राहीपर्यंत. मी किनारा सोडला आणि रंगाच्या रसायनांच्या धंद्यात शिरलो. किनाऱ्यावर ‘कॉस्टिकवाला’ हे नाव मात्र भिलादादाला चिकटलं ते चिकटलंच. नवी पोरं त्याला तोंडावर चिडवायची, असं वहिनी सांगतात. त्याने एकदाही माझं नाव घेतलं नाही. ह्याचाही मला राग आहे. मला विचारलं का त्याने?

तेराव्यानंतर मी मगदल्ल्याला गेलो. ठाकोरभाई आता थकलेत, काठीवर चालतात. मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, कॉस्टिक मी लावलं होतं, पुट्टी भरायला मी सांगत होतो, म्हणून त्याने होडी फोडली. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“अल्या,” ठाकोरभाई म्हणाले, “मी त्याला पोटात लाथा घातल्या. आता त्या लाथांचं मी काय करू?”

समोर दादाच्याच हातची दुसरी एक होडी उलटी घातलेली होती, रंग काढून तयार. ठाकोरभाईंनी फळीच्या सांदीतून लाकडी मुठीची एक टोचणी काढली. मूठ घामाने काळी झालेली. रंग लावण्याआधी दादा सगळा तळ टोचून बघत असे, ते सांगत होते, वीत वीत अंतरावर, कुठे लाकूड मऊ लागतंय का म्हणून. माझ्या त्या कॉस्टिकनंतर लागलेली सवय असणार. ही होडी त्याची अर्धी टोचून झाली होती.

“घे,” ते म्हणाले. “इथून पुढे राहिलंय.”

मी टोचलं. लाकूड कडक होतं. एक वीत पुढे सरकून पुन्हा टोचलं.