गुरुवारचा आवाजाचा वर्ग

केसपेपर कपाटात जातात. किस्से मात्र कपाटाबाहेरच साठत राहतात. वाचादोषांवरचं शिक्षण विलायतेत घेऊन मी बाहत्तरच्या दुष्काळानंतर साताऱ्यात परतले आणि दर गुरुवारी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी आवाजाचा वर्ग सुरू केला. मोठ्या जोशात! आले दोघे.

पहिले रहीमचाचा, शिंपी. त्यांचे शब्द अडकायचे, नाहीतर एकदम घाईनं घसरायचे. मी विलायतेहून आणलेलं टकटक करणारं यंत्र लावलं. एका ठोक्याला एक शब्द! चाचांनी जरा वेळ ऐकलं आणि शिलाई मशीन चालवावी तसे टेबलाखाली पाय हलवले. वाक्य सरळ बाहेर आलं, "बाई, ह्ये खोकं बंद करा. ठोका माझ्या पायात हाय!"

ते खोकं आजही बंदच आहे.

दुसरे अण्णा, फौजेतले निवृत्त सुभेदार. आवाज पार खाली गेलेला. पण त्यांचं म्हणणं, "मी ठीक बोलतोय. हिचंच कान गेल्यात."

सुभेदारीणबाई उसळल्या, "आवं बाई, तपासाच माझं कान!"

तपासले. खणखणीत!

मग अण्णांना त्यांचंच बोलणं टेपरेकॉर्डरवर ऐकवलं. "कोन पुटपुटतंय ह्यो?"

अण्णांनी टेपरेकॉर्डर जवळ ओढला. म्हणाले, "परत लावा."

त्या दिवशी खरं दुखणं कळलं. मुलगी मंगल सांगलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेआधी तुझं लग्न करणार नाही, असा अण्णांनी तिला शब्द दिलेला. पण अण्णांचे धाकटे भाऊ तात्या लग्नासाठी घाईला आलेले. अण्णा काही पुटपुटले की तात्या चारचौघांत सांगत, "दादा व्हय म्हनत्यात!" सुपारी फुटायला तीन आठवडे उरले होते.

मी अण्णांना 'आऽ' म्हणायला लावलं. चिमणीएवढा आवाज. शेवटी विचारलं, "फौजेत काय करायचात?"

"रिक्रूटांची परेड घ्यायचो."

"घ्या मग माझी!"

अण्णा ताठ झाले. छाती भरली. "सावऽधान!"

चाचांचा पाय थांबला. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेले दोन माजी सैनिक उभे राहिले!

"घरीसुद्धा असंच बोलायचं," मी म्हणाले. "प्रत्येक वाक्य हुकमासारखं."

"बायकूला हुकूम?" अण्णा पुन्हा पुटपुटले.

चाचा म्हणाले, "तितं तर तुमी रिक्रूट!"

सुपारीला मलाही बोलावणं होतं, पाटणजवळच्या त्यांच्या गावी. सोप्यात मधोमध तात्या. "फुडल्याच म्हैन्यात बार उडवू. दादांची ना न्हाई."

अण्णा काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू आलं नाही. मंगल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तात्यांनी सुपारी फोडायला बत्ता उचलला.

अण्णा उठले. छाती भरली.

"थम!"

बत्ता हवेतच थांबला. व्याही, त्यांचे भाऊ, नवरदेवाचे मामा, सगळे फौजेत राहिलेले. खाडकन उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून!

"आदी पोरीची परीक्षा," अण्णा त्याच आवाजात म्हणाले. "लगीन मागनं!"

सुभेदारीणबाई पिठाच्या हातांनी आतून धावत आल्या. "आवं, हळू बोला की जरा! समद्या आळीला ऐकू गेलं!"