माझा गाजलेला शोधनिबंध

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आणि मी सांगत असताना माझ्या तोंडाकडे बघू नका. इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना अजून माझे कान तापतात.

नव्वदीची सुरुवात होती. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, वायुसेनेतली बदली लखनौला झाली. महानगर नावाच्या वस्तीत वरच्या मजल्यावर घर मिळालं आणि मला एका संशोधन संस्थेत नोकरी. काम काय, तर सरकारी आरोग्यसेवा लोकांच्या दारापर्यंत पोचते की नाही, हे शोधायचं. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरांचा हिशेब मांडायचा, लेख लिहायचा.

भाषेची अडचण? छे! आम्ही नागपूरचे! हिंदी म्हणजे आमच्या घरचीच. भाजीवाल्याशी हिंदी, रिक्षावाल्याशी हिंदी, भांडायचं तर खास हिंदी. लखनौची माणसं माझं बोलणं ऐकून गोड हसायची. मला वाटायचं, काय कौतुक करतात!

पहिली पाहणी चौक म्हणतात त्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्ये करायची ठरली. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स घरोघरी जाऊन लसी देतात, बाळंतिणींना बघतात, असं कागदावर होतं. खरंच जातात का, ते मला तपासायचं होतं. प्रश्नावली मी स्वतः लिहिली. सरकारी भाषेत नर्सच्या हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक, की उच्चारेपर्यंत माणूस दार लावून घेईल. म्हटलं, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं. आमच्याकडे गावात नर्स आली की काय म्हणतात? ‘बाई आल्या!’ शाळेत शिकवणारी बाई, सुई टोचणारीही बाई. किती आदराचा शब्द!

तर माझे प्रश्न असे: ‘क्या आपके घर बाई आती है? आती है तो कितनी देर रुकती है? घर के मर्दों से भी बात करती है? आप उसके काम से संतुष्ट हैं?’

का हसताय? थांबा, अजून काहीच झालेलं नाही.

माझ्या हाताखाली रेहाना नावाची मुलगी होती. नुकतीच एम.ए. झालेली, लखनौचीच. प्रश्नावली वाचून ती लालेलाल झाली.

“मैडम, ये ‘बाई’ वाला लफ़्ज़… थोड़ा बदल दें?”

“काहे को? जैसा लिखा है वैसाच पूछने का!” मी म्हटलं. “एक काना-मात्रा बदलली तरी संशोधन बिघडतं, रेहाना. समझी क्या?”

बिचारी नवीन होती. समझी म्हणाली आणि गेली.

पहिल्याच दिवशी रडवेली होऊन परत आली. “मैडम, लोग बहुत नाराज़ हो रहे हैं. एक साहब ने तो दरवाज़ा मुँह पर बंद कर दिया.”

आणि यावर मी काय म्हणाले माहितीये? खुर्चीत मागे रेलून, चष्मा पुसत म्हणाले, “नाराज़ी भी डेटा है!”

आता धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं. पण तेव्हा ते वाक्य मला इतकं आवडलं, की घरी येऊन ह्यांनाही ऐकवलं.

निष्कर्ष तर डोळे दिपवणारा होता. चौकातल्या एकाही घरात बाई येत नाही! बरं, नुसतं ‘नाही’ नव्हे. लोक संतापतात, शपथा घेतात, ‘हमारे खानदान में कभी नहीं आई’ असं ठणकावून सांगतात. एवढा राग कशाचा? मी विचार केला, केला, आणि सिद्धान्त मांडला. जुन्या शहरातल्या माणसाच्या मनात आरोग्यसेवेविषयी खोल वैर आहे, ते त्याच्या उंबरठ्यावरच उभं असतं. नाव दिलं, ‘वैरी उंबरठा’. लेख इंग्रजीत होता, तिथे हे नाव फारच भारदस्त दिसायचं. आणि इंग्रजीत ‘बाई’ची झाली होती आरोग्यसेविका, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका यायला जागाच नव्हती.

लेख छापून आला. लेखकाचं नाव, एस. मेश्राम, म्हणजे मीच. आणि विश्वास ठेवा, गाजला हो! परदेशातून लेखाची प्रत मागणारी कार्डं यायला लागली. कोण कुठला माणूस लिहायचा, ‘आमच्या शहरातही वैरी उंबरठे सापडले.’ सापडणारच! शोधलं की सगळं सापडतं. कुणी त्याचे प्रकार पाडले, कुणी त्यावर आणखी सिद्धान्त रचला. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या लखनौमधल्या मराठी मंडळींनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी भाषणात म्हणाले, “संशोधकाला लोकांची भाषा कळली पाहिजे.”

हो, म्हणाले. भर सभेत.

मग दिल्लीचे एक मोठे प्रोफेसर आले. पुस्तक लिहीत होते आणि त्यात एक अख्खं प्रकरण माझ्या सिद्धान्तावर. “मेश्रामजी, मला एक वैरी उंबरठा प्रत्यक्ष बघायचा आहे,” म्हणाले.

म्हटलं, त्यात काय! सकाळी रिक्षात घालून त्यांना चौकात नेलं. गल्लीत एक जुनं घर होतं मिर्झासाहेबांचं. त्यांचा चिकनकामाचा धंदा होता. अंगणात बायका कापडावर वाकून टाके घालत बसल्या होत्या. मिर्झासाहेब म्हणजे पांढरी दाढी, पांढरा कुर्ता, आवाजात मध. “आइए, तशरीफ़ रखिए,” म्हणाले आणि चहा मागवला. सोबत बिस्किटंही आली.

प्रोफेसर कानात कुजबुजले, “इथे वैर कुठे आहे?”

“थांबा, आत्ता दाखवते,” मी म्हटलं. मग घसा साफ करून, खणखणीत आवाजात विचारलं, “मिर्ज़ा साहब, आपके घर बाई आती है क्या?”

अंगणातल्या सगळ्या सुया थांबल्या.

मिर्झासाहेबांनी हातातला कप बशीवर आदळला. “मोहतरमा! ये शरीफ़ों का घर है!”

मी प्रोफेसरांना कोपर मारलं. बघा! लिहून घ्या! ते भराभर लिहायला लागले. मला चेव चढला. “आती है तो घर के मर्दों से भी बात करती है?”

“तौबा! तौबा!” मिर्झासाहेब उभेच राहिले. “हमारी बहू-बेटियाँ बैठी हैं यहाँ!”

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि लसींचा डबा खांद्याला लावलेली नर्स बाहेर आली. मागे मिर्झासाहेबांची सून, कडेवर नुकतंच टोचून घेऊन भोकाड पसरलेलं बाळ.

“क्या हुआ मिर्ज़ा साहब? इतना ग़ुस्सा?”

“सरला बहनजी, आप ही समझाइए इनको! पूछती हैं, हमारे यहाँ बाई आती है!”

मी नर्सकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. बाळाकडे बघितलं. “ये… ये आती हैं ना आपके घर?”

“ये तो बराबर आती हैं! बच्चे के पैदा होने से पहले से आती हैं. लेकिन ये बाई थोड़े ही हैं, नर्स बहनजी हैं!”

“तो फिर बाई मतलब?”

सुनेनं पदर तोंडाला लावला. मिर्झासाहेब आभाळाकडे बघत खाकरले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मोहतरमा, इस मोहल्ले में ‘बाई’ तो… कोठे वालियों को कहते थे. नाच-गाने वालियों को.”

प्रोफेसरांनी पेनाला टोपण लावलं.

माझी अवस्था काय सांगू! मी गल्लीगल्लीतून अब्रूदार घरांना विचारत आले होते, की तुमच्याकडे कोठ्यावरची येते का, किती वेळ थांबते, आणि तुम्ही तिच्या कामावर समाधानी आहात का! आणि त्यातून सिद्धान्त काढला होता! त्यावर शाल घेतली होती!

पण खरा धक्का पुढेच होता. सरला बहनजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तो वो रपट आपने लिखी थी? कि यहाँ नर्स किसी घर नहीं जाती?”

माझी मान हलली. होकारार्थी.

“उसी रपट पर हमसे जवाब माँगा गया है. तबादला हो रहा है मेरा, ज़िले के दूसरे कोने में. घर में बीमार सास है. मैं चिल्ला-चिल्लाकर कहती रही कि मैं जाती हूँ, किसी ने नहीं सुना. बोले, रिसर्च में छपा है.”

इथे मला हसता आलं नाही. आताही येत नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफ़ी हमसे नहीं, दफ़्तर में जाकर माँगिए. अभी.”

प्रोफेसरांना तिथेच चहाबरोबर सोडून मी सरला बहनजींसोबत आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. “मैडम, पर ये तो छपी हुई चीज़ है.”

“अहो, मीच छापलीय! ग़लत है!”

“आपके कहने से कैसे ग़लत हो जाएगी? परदेस तक में मानी गई है.”

शेवटी म्हणाला, लेखी द्या. काय लिहून द्यायचं? तर चूक कशामुळे झाली ते. म्हणून मी, नागपूरची मेश्राम, भर कचेरीत टेबलावर वाकून लिहिलं, की मला हिंदी येत नाही. तेही हिंदीत. साहेबांनी कागद वाचला, लाल पेन काढलं आणि दोन ओळींतल्या चुका दुरुस्त करून परत दिला. “इसे साफ़ लिख लाइए.”

बदली रद्द झाली. सरला बहनजी पुढे रस्त्यात दिसल्या तर नमस्ते करायच्या, पण थांबायच्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. नियतकालिकाला मी दुरुस्ती पाठवली, ती शेवटच्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापून आली. ती बहुधा मी आणि मुद्रितं तपासणाऱ्यानंच वाचली. मूळ लेखाची प्रत मागणारी कार्डं मात्र येतच राहिली. ह्यांनी टपाल घेऊन यायचं आणि मुकाट्यानं टेबलावर पालथं ठेवायचं, असा आमच्यात अलिखित करार झाला.

काही वर्षांनी लखनौतच एक परिसंवाद होता. मी आपली मागच्या रांगेत. बाहेरगावचा एक तरुण संशोधक व्यासपीठावर आला आणि पहिल्याच वाक्याला म्हणाला, “मेश्राम सर ने हमें वैरी दहलीज़ की अवधारणा दी…”

सर! मी खुर्चीत खाली सरकले. पण सरला बहनजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि प्रश्नांच्या वेळी हात वर केला. उभी राहून सांगितलं, “तो लेख चुकीचा आहे. शब्दाचा घोटाळा झाला होता. लोकांचं नर्सशी काही वैर नव्हतं, उलट तिच्यावर लोभ होता.” हे सगळं अर्थात हिंदीत, जपून, एकेक शब्द चाचपत.

तरुणानं शांतपणे ऐकून घेतलं. मग फार अदबीनं हसला.

“मैडम, माफ़ कीजिए, लगता है आपने मेश्राम सर का मूल लेख ध्यान से नहीं पढ़ा.”

आणि त्यानं त्यातला परिच्छेद पाठ म्हणून दाखवला. सभागृह माना डोलवायला लागलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं? इतका मुद्देसूद होता हो तो परिच्छेद, की मी तिथेच उभ्या उभ्या त्याला म्हटलं, “हाँ, ये तो सही है,” आणि खाली बसले.