डाग ओळखणाऱ्या ताईचा बोका

मांजरानं नको तिथं मुतलं, की तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? खरं सांगा. "माजलंय" हाच ना?

लाँड्रीतल्या ताईच्या तोंडूनही तोच निघाला होता, आणि ही बाई काही ऐरीगैरी नव्हे. डाग पडलेलं कापड तिच्यापुढे टाकलं, की ती ते उजेडाकडे धरणार, नखानं खरवडणार, वास घेणार आणि सांगून मोकळी होणार. हा चहा, हा गंज, हे पेन खिशात फुटलं. ही लिपस्टिक आहे, पण कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. शाळा सातवीत सुटली. बाकी सगळं तिला सव्वीस वर्षांत त्या डागांच्या टेबलानं शिकवलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि चूक तर बापजन्मात कबूल करायची नाही, असा खाक्या.

लाँड्री धाकट्या भावाची. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागे मशिनं आणि सिमेंटची टाकी, वर माळ्यावर ताईची खोली. त्या खोलीत ती आणि जमादार. जमादार म्हणजे रुंद तोंडाचा पिवळा बोका. आलेल्या प्रत्येक गाठोड्यावर चढून तपासणी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून नाव जमादार. सहा वर्षांत त्यानं एकही रुमाल खराब केला नव्हता.

सोमवारी त्यानं टॉवेलांच्या टोपलीत मुतलं. मंगळवारी न्हाणीच्या कोपऱ्यात. बुधवारी दुपारी थेट गेस्टहाऊसच्या धुतलेल्या, घडी घातलेल्या चादरींवर. आदल्या आठवड्यात नवीन मोठं मशीन आलं होतं आणि जमादाराची खिडकीतली जागा त्या मशिनानं अडवली होती. ताईनं हिशेब लावला की स्वारी रुसलीय, सूड उगवतेय. तिनं वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला तिन्ही दिवस हाणलं, एकदा नाकही घासलं, आणि बुधवारी संध्याकाळी जिन्याचं जाळीचं दार लावून आत कोंडून ठेवलं. त्याचा हगण्या-मुतण्याचा माती भरलेला डबा जिन्यातच ठेवला, एवढी मात्र मेहेरबानी.

ताईनं बाजूला काढलेल्या त्या चादरी बुधवारी चुकून मालाबरोबर गेल्या होत्या; गुरुवारी सकाळी गेस्टहाऊसनं गठ्ठा परत पाठवला. इतकं मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार म्हणून भावाचं डोकं फिरलं. पाच वाजता माल पोचवायला टेम्पो निघेल, त्यात बोका असेल, आणि तो मंडईमागे उतरेल, असं त्यानं सांगून टाकलं. एकाला दहा ऐकवणारी ताई गप्प राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण नजर जिन्याकडेच. जमादार डब्यात बसला. उठला. तीन पावलं गेला, परत येऊन बसला. पाठीला बाक काढून बसायचा, शेपटी थरथरायची, मग मागचा भाग चाटत राहायचा. एक गठ्ठा इस्त्री होईपर्यंत पाच वेळा. डब्यातली माती मात्र कोरडी ठणठणीत.

इस्त्रीवाल्या काकांनी निदान करून टाकलं. "कोठा जड झालाय. मलाही होतं. एरंडेल पाज, पाचच्या आत तुझा जमादार मोकळा."

काकांना सगळ्या जगाचा आजार स्वतःच्या कोठ्यात दिसायचा. तरी ताईनं कोमट दुधात चमचाभर एरंडेल घालून त्याच्या घशात ओतलं. अर्ध्या तासात जमादारानं ते सगळं ओकून टाकलं. काका म्हणाले, आता पोट दाबून बघ. तिनं हात लावला मात्र, तो असा ओरडला की दोन्ही मशिनांच्या आवाजावरून काउंटरपर्यंत ऐकू गेलं. पोटात खाली लिंबाएवढा टणक गोळा होता. तिच्या मनगटावर नखांच्या चार रेघा उमटल्या. ती चिडली, उठली आणि कामाला लागली. काम म्हणजे त्याच परत आलेल्या चादरी.

लघवीच्या चादरी ती नेहमी सोडा घालून कोमट पाण्यात टाकायची. आज तिच्या हातानं गार पाण्याचा नळ सोडला. दुसऱ्या हातानं मिठाची बरणी उघडली. मूठभर मीठ पाण्यात पडलं आणि ती जागच्या जागी थांबली.

गार पाणी आणि मीठ रक्तासाठी. रक्ताला गरम पाणी लागलं की ते कापडात घर करतं. हाताला जे कळलं होतं ते डोक्याला कळलं नव्हतं.

तिनं चादर झटकून उजेडाकडे धरली. रागानं मुतलेलं एक मोठं थारोळं असतं. इथे नाण्याएवढे नऊ-दहा डाग होते, एकमेकांपासून दूर, प्रत्येकाची कड गुलाबी. म्हणजे तो चादरभर जागा बदलत बसला होता आणि प्रत्येक जागी एक-दोन थेंब पिळून काढले होते. जगाचे डाग ओळखणारीनं घरचा डाग न बघता त्याला सुरळी हाणली होती.

तिनं जनावरांच्या दवाखान्याला फोन लावला आणि बोका डब्यात नुसता बसतोय म्हणून सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात आहेत, कोठ्याची तक्रार असेल तर उद्या दहाला आणा. ताईचा पारा चढला होता, पण तिनं तो गिळला. अशा वेळी भांडणारा हरतो, हे तिला काउंटरनं शिकवलं होतं. तिनं डाग सांगतात तसं सांगितलं. "बोका आहे. तीन दिवस थेंब थेंब होत होतं, थेंबात रक्त. आज सकाळपासून थेंबही नाही. नुसता बसतोय, ओरडतोय. आत्ताच ओकला."

कंपाउंडरनं फोन पुढे दिला. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "पोट दाबू नका. पोटात काही घालू नका. आत्ता निघा, मी थांबते."

भाऊ टेम्पो भरत होता. ताई जमादाराला कपड्यांच्या टोपलीत घालून, वर टॉवेल बांधून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"पाचला न्यायचा होतास ना? आत्ता ने. मंडईला डावीकडे वळतात, तू उजवीकडे वळ, दवाखान्याकडे."

भाऊ काहीतरी पुटपुटला, पण तिचं तोंड बघून त्यानं गाडी काढली. पुलाखाली वाहनं अडकली होती. टोपलीतून गुरगुर येत होती, मग बारीक कण्हणं, मग तेही थांबलं. इतका वेळ त्याच्या ओरडण्यानं तिचा जीव जात होता. आता तो गप्प झाला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. टॉवेलखाली हात घातला तर कान गार लागले. भावानं एकदा टोपलीकडे पाहिलं आणि टेम्पो उलट्या बाजूनं घातला. समोरच्यांनी शिव्या घातल्या. त्यानं खाली मान घालून त्या खाल्ल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला बोटं लावली, छातीला नळी लावली. ठोके मंद पडले होते. किती दिवसांपासून, असं त्यांनी विचारलं.

ताईच्या तोंडात आयतं उत्तर होतं, आजच कळलं म्हणून. तेच सांगता आलं असतं.

"सोमवारपासून," ती म्हणाली. "आणि मी त्याला मारत होते."

बाईंनी धीर दिला नाही, फटकारलंही नाही. सुई भरता भरता सांगितलं, की बोक्याची लघवीची वाट फार बारीक असते. वाळूसारखे कण आणि चिकटा अडकला की ती बंद होते, विष रक्तात चढतं, हृदय थांबतं. एक-दोन दिवसांचा खेळ. कोठा नाही, माज नाही. मग त्यांनी दार लावून घेतलं.

बाकावर दोघं भावंडं बसली. टेम्पोत माल तसाच होता.

"ताई, मी पाचला त्याला मंडईमागे..."

"तू एकटा नाही," ती म्हणाली. "मी गप्प बसले होते."

दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातमोज्यांवर रक्त होतं. नळी आत गेली होती, पिशवीत गडद लाल लघवी उतरत होती, ठोके सावरत होते. पण अजून भरवसा नव्हता. तीन दिवस सलाईनवर ठेवलं, आणि नळी काढल्यावर त्यानं स्वतःहून डबा ओला करेपर्यंत घरी सोडलं नाही. घरी आल्यावर ओलं खाणं, तीन ठिकाणी पाणी आणि कायमची ताकीद. एकदा अडकलंय ते पुन्हा अडकू शकतं.

आता मांजराच्या मुताची चादर काउंटरवर आली, की ताई पावती फाडायच्या आधी विचारते. बोका आहे का? एकदम झालं की थेंब थेंब? परवा एका बाईंच्या दुलईवर तिला तेच नाण्याएवढे गुलाबी डाग दिसले. तिनं विचारलं तर बाई फणकारल्या, लाँड्रीवालीनं लोकांच्या घरात नाक खुपसू नये म्हणाल्या. ताई भांडली नाही. दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून तिनं तो पावतीला टाचला. दुलई धुऊन तयार आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. आज तुमचा बोका डब्यात बसेल तेव्हा हातातलं काम ठेवा आणि दोन मिनिटं उभं राहून बघा. तो उठल्यावर माती हाताळा. कोरडी लागली आणि तो पुन्हा पुन्हा बसत असेल, तर काकांना विचारू नका, एरंडेल शोधू नका, उद्याचे दहा वाजायची वाट बघू नका. टोपली घ्या आणि निघा.